गिरणीत बायाही होत्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गिरणी कामगारांना घरं मिळावीत, या मागणीवरचा आपला लेख वाचला. मागणी रास्तच आहे, आमचाही अर्ज पडून आहे. पण एवढ्या मोठ्या लेखात बाई दिसली ती फक्त 'कामगाराची विधवा' म्हणून. लालबागच्या चाळीत वाढलेल्या मला ते खटकलं.

1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. माझी आजी, वडिलांची आई, सातारा जिल्ह्यातून येऊन वाइंडिंग खात्यात चिकटली. बॉबिनवर सूत भरायचं, धागा तुटला की गाठ मारायची, जेवढं काम तेवढा पैसा. वर नाईकीण, म्हणजे बायांवरची मुकादमीण. तिची मर्जी फिरली की दारातूनच परत. तरी गावाला मनीऑर्डर जायची ती आजीच्या कमाईची, आणि त्यामुळे भाऊबंदांत तिच्या शब्दाला वजन होतं.

मग या बाया गेल्या कुठे? यंत्रं आली म्हणून गेल्या, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण 1929 मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. त्याच्या विधेयकावर 1928 मध्ये बोलताना डॉ. आंबेडकरांनी हा भार मुख्यतः सरकारने उचलावा असं म्हटलं होतं. तो पडला मालकांवर, आणि मालकांच्या लेखी बाई महाग झाली. पुढे वेगवान यंत्रं आली, ती रात्रीही चालवायची होती. 1948 च्या कारखाना कायद्याने तर संध्याकाळी 7 ते सकाळी 6 बाईला कामावर ठेवायची मनाई! कायदे नको होते असं मी म्हणणार नाही. बाळंतपणानंतर चार दिवसांत खात्यावर उभं राहणं काय असतं, ते आजीकडून ऐकलं आहे. पण हिशेब बायांच्या नोकरीतूनच चुकता झाला. आमच्या घरात तडजोड निघाली ती अशी : आजीने राजीनामा द्यायचा, तिच्या जागी मुलाला घ्यायचं. सगळे खूश. आजीला विचारतो कोण?

आईने खाणावळ चालवली. घाटावरचे, कोकणातले एकटे गडी दोन वेळा जेवायचे, पैसे पगाराला. तोवर वाण्याची उधारी. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे अशा बायांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, खाणावळीचे मेंबर एकेक करत गावी गेले आणि आईच्या वहीतली येणी वहीतच राहिली.

घरासाठी अट काय, तर 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव हवं. आजी त्याआधीच बाहेर, आई पटावर कधी नव्हतीच. आमचा अर्ज वडिलांच्या नावाने आहे. आजीच्या जागेवर लागलेल्या मुलाच्या नावाने.

ही अट आता कोणी बदलेल असं वाटत नाही. पण काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय होतं आहे, तिथे साच्यांबरोबर (म्हणजे मागांबरोबर) वाइंडिंग खातं आणि खाणावळीची वहीही मांडावी. वही मी द्यायला तयार आहे. त्या खात्यातल्या ज्या थोड्या बाया हयात आहेत, त्यांना आपल्या वार्ताहराने लवकर गाठावं, ही विनंती.

– एक वाचक, बदलापूर