फुलपाखरू मासा काय खातो, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या सागरी मत्स्यालयांवरचा लेख वाचला. फोटो झकास होता. प्रवाळाच्या फांदीला तोंड लावून उभा असलेला फुलपाखरू मासा आणि खाली ओळ, ‘प्रवाळाशी गुजगोष्टी’. लातुरात माझं औषधांचं दुकान आहे आणि २०१८ पासून घरात खाऱ्या पाण्याची ३०० लिटरची टाकी आहे, म्हणून सांगतो. त्या गुजगोष्टी नाहीत, मासा जेवतोय. प्रवाळ हा दगड नव्हे, बारीक बारीक जिवांची वसाहत असते, आणि हा मासा तेच जीव एकेक करून टिपतो.

लेखात या माशांना ‘देखणे, शांत आणि सांभाळायला सोपे’ म्हटलंय. पहिल्या दोन गोष्टींबद्दल वाद नाही. तिसरीवर मी पैसे आणि एक जीव घालवलाय.

पहिल्या वर्षी दिवाळीत पुण्याच्या एका दुकानातून एक मासा आणला. पिवळ्या अंगावर बारीक जांभळट रेघा, डोळ्यावरून काळा पट्टा. दुकानात दोघं जोडीनं फिरत होते, पण माझ्या खिशाला एकच परवडला. दुकानदार म्हणाला, ‘काका, काहीपण खातो हा.’ रात्रभर एसटीत थर्माकोलचं खोकं मांडीवर घेऊन आलो.

काहीपण म्हणजे काय काय दिलं असेल! आर्टेमिया नावाची खाऱ्या पाण्यातली बारीक किडकोळंबी दिली, कोळंबी बारीक चिरून दिली, स्पिरुलिनाचे दाणे दिले. जवळ यायचा, दाणा तोंडात घ्यायचा आणि पोर कडू गोळी थुंकतं तसा थुंकून टाकायचा. दहाव्या दिवशी पाठ धारेसारखी दिसायला लागली. औषधाचा माणूस असल्यानं मला आधी रोगच सुचला. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण प्रवाळाला आणि गोगलगायींना ते विष. म्हणून रात्री अकराला वेगळी टाकी मांडली. टॉर्च मारून पाहिलं तर अंगावर एकही ठिपका नव्हता. उपास घडत होता, दुसरं काही नाही. एकोणिसाव्या दिवशी गेला.

मग वाचायला बसलो, जे आधी करायला हवं होतं. या कुळात १२० च्या वर जाती आहेत. त्यातल्या बऱ्याच जातींच्या ‘कीटोडॉन’ या शास्त्रीय नावाचा ग्रीक अर्थच ‘केसांसारखे दात’. ब्रशसारख्या त्या दातांनी प्रवाळाचे जीव ओरबाडायचे. काही जाती तर फक्त तेवढंच खातात, आणि माझा त्यातलाच निघाला. अशा जाती टाकीत बहुतेक उपाशीच मरतात. समुद्रात प्रवाळ मेलं की यांचीही संख्या घटते, म्हणून अभ्यासक प्रवाळाची तब्येत जोखायला हे मासे मोजतात. शेजारच्या सराफांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘पोवळं खातो? मंगळ कडक असेल त्याचा.’ (अंगठीतलं लाल पोवळं वेगळ्याच जातीचं, बरंचसं भूमध्य समुद्रातलं. पण सराफांना ते कोण सांगणार!)

सगळे फुलपाखरू मासे सारखे नसतात, हेही सांगायला हवं. लांब चोचीचा, तांबूस पट्ट्यांचा कॉपरबँड प्रवाळाला फारसा हात लावत नाही. टाकीत तणासारखं माजणारं एप्टेशिया नावाचं समुद्रफूल मात्र आवडीनं खातो. तो मी दोन वर्षं जगवला, पण कशावर? चिपळूणचा भाचा बर्फात घालून आणायचा त्या तिसऱ्यांवर, म्हणजे खायच्या शिंपल्यांवर! लातूरच्या बाजारात रोहू, कटला हवा तेवढा. तिसऱ्या कुठून मिळायच्या? उलट डोळ्यावर काळा चष्मा लावल्यासारखा दिसणारा रॅकून काहीही खातो, अगदी खरंच काहीही. माझे बटणांसारखे झोअँथिड, म्हणजे प्रवाळाचेच मऊ भाऊबंद, त्यानं तीन दिवसांत साफ केले. समुद्रात पाण्यातले तरंगते जीव खाणारा पिरॅमिड बटरफ्लाय त्यातल्या त्यात प्रवाळाच्या टाकीत ठेवण्याजोगा, पण तो थव्यानं राहणारा. माझ्या ३०० लिटरमध्ये त्याला कोंबणं मला पटलं नाही.

शिवाय यांना दिवसातून तीन-चार वेळा थोडंथोडं द्यावं लागतं. जितकं जास्त घालाल तितकं पाणी खराब, आणि पाणी खराब झालं की प्रवाळ मिटून बसतं. मग पाणी बदला. लेख लिहिणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, मराठवाड्यात हे पाणी येतं कुठून? २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते आमचं गाव. तेव्हा माझ्याकडे ही टाकी नव्हती, आणि असती तरी त्या उन्हाळ्यात ठेवली नसती. बोअरचं जड पाणी इथं चालत नाही, आरओ लागतं. माझं आरओ एक बादली देताना दोन-तीन बादल्या बाहेर टाकतं. त्यावर आमची भांडी आणि फरशी निघते, सौ.नं टाकी घरात घेताना तीच अट घातली होती. मे महिन्यात बाहेर ४२ अंश, टाकी २६ वर ठेवायची, पंख्यानं रोज तीन-चार लिटर पाणी उडतं. उडतं ते पाणी, मीठ नव्हे. त्यामुळे भर गोड्या पाण्याची घालायची. नवशिके खारं ओततात आणि मासे घालवून बसतात.

फोटोतल्या कठीण, फांद्यांच्या प्रवाळाबद्दलही लेखात एक शब्द नाही. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. आपल्या समुद्रातून ते काढणं आणि विकणं गुन्हा आहे. मासेही जवळपास सगळे समुद्रातूनच पकडलेले असतात. याउलट क्लाउनफिशची पैदास आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं टाक्यांमध्ये करून दाखवली आहे. ज्याला हौस आहे त्यानं तिथून सुरुवात करावी. माझ्याकडे सध्या तेच दोन आहेत, दाणे खातात आणि माझ्या बोटालाही चावतात.

माझी विनंती मोठी नाही. पुढच्या रविवारी चौकटीत चार ओळी छापा: फोटोतला मासा काय खातो, आणि विकत घेण्याआधी दुकानदाराला तुमच्यासमोर त्याला खायला घालायला सांगा. खाल्लं नाही तर पैसे देऊ नका.

लेख वाचून कुणी आधीच आणला असेल तर घाबरून औषध ओतू नका. रिकाम्या शिंपल्यात बारीक चिरलेली कोळंबी घट्ट दाबून बसवा आणि शिंपला दगडांच्या खाचेत ठेवा. वरून पडणाऱ्या दाण्यापेक्षा हे मासे असं खाचेतलं ओढून खायला लवकर तयार होतात. दिवे मंद करा, तासभर समोर उभं राहू नका. लातुरात कुणाला शिंपले हवे असतील तर माझ्याकडे डबाभर पडून आहेत.

आपला वाचक,
एक औषधविक्रेता, लातूर