पाणी चाळीसच्या वर गेलं तेव्हा

गावभाग, सांगली

प्रिय करुणा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम. आम्ही सगळे बरे आहोत. ह्यांची शुगर आटोक्यात आहे, माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, बाकी ठीक.

हे फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर तू मध्येच वचन काढतेस आणि माझं राहून जातं.

गेल्या आठवड्यात आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांच्या वर गेलं. सूर्यवंशी प्लॉटातली माणसं बोचकी घेऊन निघाली, आणि मोबाइलवर सगळ्या ग्रुपांत तेच सुरू: कोयनेतून इतका विसर्ग, वारणा फुगली, अलमट्टीचं काय. पंचेचाळीसला धोक्याची पातळी, आणि आमच्या गल्लीत 2019 चे साडेसत्तावन्न फूट कुणीच विसरलेलं नाही. भिंतीवर रंग दिला तरी ती रेघ कुठवर होती ते प्रत्येकाला बोटाने दाखवता येतं. पाऊस लागला की मी रात्री उठून आकडा बघते. आकडा अर्ध्या फुटाने वाढला म्हणून रात्री दोन वाजता मी काय करणार असते, सांग? तरी बघते. मग माळ्यावर काय चढवायचं, मशिनी कुणाकडे हलवायच्या, गिऱ्हाइकांचे ब्लाउज कुठे ठेवायचे, हे डोक्यात पहाटेपर्यंत.

तुला आठवतंय, त्या वर्षी रस्ता सुरू झाल्यावर मिळेल त्या एसटीने तू साताऱ्याहून आलीस. शाळेत आम्ही सतरंजीवर बसलो होतो. तू झुणका-भाकरीचं गाठोडं सोडलंस आणि हात धुवायच्या आत बायबलातलं पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र ऐकवायला लागलीस, कशाविषयीही चिंता करू नका म्हणून. मी म्हटलं, तुझ्या घराला अजिंक्यताऱ्याची टेकडी आहे, तुला काय जातंय. मग आपला तो लांबलचक अबोला. करुणा, मी अजून माझ्या म्हणण्यावर आहे. पौलाने ते बंदिवासातून लिहिलं, म्हणून त्याच्या तोंडी ते शोभतं. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला वचन ऐकवलं नाही. ऊठ, खा, म्हणाला. एलीया खाऊन पुन्हा झोपला, तर त्याला पुन्हा उठवून खायला घातलं. देवाचं बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर. तू भाकरीपाशी थांबली असतीस तर त्या दिवशी तूच माझा देवदूत होतीस. (भाकरी मात्र कडक झाली होती. ती एसटीची चूक, तुझी नव्हे.)

त्या पुरात आईचं बायबल गेलं, हे फक्त तुला माहीत. मिरजेच्या वॉन्लेस दवाखान्यात आई नोकरीला लागली तेव्हापासूनचं ते, पुढच्या कोऱ्या पानावर आमच्या सगळ्यांच्या जन्माच्या आणि बाप्तिस्म्याच्या तारखा तिच्या हातच्या. चिखलातून काढलं तर पानं हातात लगदा होऊन आली. लोकांच्या भिंती पडल्या, जनावरं वाहून गेली, तिथे एका पुस्तकासाठी रडायचं कुणासमोर? मंडळीत साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा मी जीव वाचल्याबद्दल आभार मानून खाली बसले. नंतर कितीतरी दिवस प्रार्थना म्हणून एकूणसत्तरावं स्तोत्रच वाचत होते. गळ्यापर्यंत पाणी आलंय, हाक मारून मारून थकलो, घसा कोरडा पडला, असं म्हणणारा माणूस पवित्र शास्त्रात आहे आणि त्याला कुणी अविश्वासी म्हटलेलं नाही, एवढाच आधार होता.

आता परवाचं. संध्याकाळी कुटुंबप्रार्थनेला बसलो. सायमनमामा होते, म्हणजे आदामापासून सुरुवात. प्रार्थना मिसर देशातून बाहेर पडेपर्यंत चहा गार. त्यांचं आमेन झालं आणि सागर बोलायला लागला. आपला सागर! चर्चमधल्या दृढीकरणाच्या विधीनंतर ज्याने चारचौघांत तोंड उघडलं नाही तो. म्हणाला, "प्रभू, मागच्या वेळी आजीचं बायबल गेलं. आईला त्याबद्दल आम्ही कुणी विचारलंच नाही. आज रात्री आईला झोप दे." एवढंच. आमेनसुद्धा मामांनी म्हटलं.

मला वाटायचं, पोराच्या लक्षातही नसेल.

मग आम्ही सगळे उठलो आणि मशिनी वर चढवल्या, डबे माळ्यावर टाकले, कागदपत्रं पिशवीत बांधली. उद्याची चिंता करू नका म्हणणाऱ्या प्रभूने उद्याची तयारी करू नका असं म्हटलेलं नाही, ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे म्हणाला. म्हणजे दुःख आहे हे त्यालाही मान्य. इस्राएल लोकांना रानात देवाने खायला दिलेला मान्नासुद्धा रोजचा रोज गोळा करायचा होता, सकाळपर्यंत ठेवला त्यात किडे पडले. माझी रात्री दोनची काळजी ही त्यातलीच, उद्याचं आज साठवलेलं. आता आकडा सकाळी एकदा आणि रात्रीच्या प्रार्थनेआधी एकदा बघते, आणि जी भीती असेल ती नाव घेऊन देवाला सांगते, मशिनींसकट. मोबाइल रात्री सागरच्या खोलीत असतो. त्या रात्री मी झोपले, करुणा. पाणी वाढत असताना झोपले.

पाणी उतरलं ते कोयनेचा विसर्ग कमी झाला म्हणून. माझ्या प्रार्थनेने उतरलं अशी साक्ष मी देणार नाही. 2019 ला ह्या गल्लीत प्रार्थना काय कमी झाल्या होत्या? पण भीतीशी मी एकटी नव्हते, ही साक्ष देईन, आणि ह्या वेळी बायबलासकट देईन.

तुझ्या सासूबाईंचा मोतीबिंदू झाला का? बेबीचं कुठे जमतंय का? पत्र्याचं काम पाऊस संपेपर्यंत काढू नकोस.

आणि एक काम. आईची जुनी पत्रं तुझ्या आईच्या ट्रंकेत असतील. त्यांत आमच्या बाप्तिस्म्याच्या तारखा सापडतात का बघ. सागर नव्या बायबलात पहिल्या पानावर लिहायचं म्हणतोय, आणि धाकट्याची तारीख मला काही केल्या आठवत नाही.

तुझीच,
आशा