पंधरावा ठोका

प्रिय सुमे,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा 'रविवारी निवांत बोलते' म्हणाले होते. तो रविवार अजून यायचाय. शिव्या नंतर घाल. मी बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे, वजन विचारू नकोस.

एक गोष्ट झालीय. इथे दोघांना सांगितली, पण कळली कुणालाच नाही.

वॉर्डात हृदयाच्या झडपेची एक मावशी आहे. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे झडप अरुंद झालेली, लहानपणच्या सांधेतापाचा प्रसाद, सोबत एएफ, ठोके कायम वेडेवाकडे. ठोके आवरायला डिगॉक्सिन, अंगातलं पाणी काढायला लॅसिक्स, रक्त पातळ ठेवायला ॲसिट्रॉम, नेहमीचं त्रिकूट. मंगळवारी सकाळी ट्रॉली घेऊन गेले तर म्हणते, "शिष्टर, तुमचा डरेस हळदीत बुडवल्यावानी दिसतुया. आन् भाकर बी जाईना." मी म्हटलं, "मावशी, या वयात मला परत हळद लावता काय!" अख्खा वॉर्ड हसला. भूक मेली, मळमळ, पिवळं दिसतंय, म्हणजे डिगॉक्सिन चढलंय, हे मॅडमनी आपल्याकडून किती घोकून घेतलं होतं! बाई तोंडावर सांगून गेली आणि मी विनोद केला.

मग पल्स. पंधरा सेकंद, गुणिले चार. हो, तेच. ज्याच्यावरून तू हॉस्टेलमध्ये तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. 'डिगॉक्सिनला पूर्ण मिनिट, आणि एएफ असेल तर छातीवर स्टेथो ठेवूनच.' घड्याळवाली आजी म्हणायचे मी तुला. एरवी मावशीचा पल्स म्हणजे तापल्या कढईतले फुटाणे, आणि त्या दिवशी कसा एकसारखा, टिक टिक टिक. मला बरं वाटलं गं! सुधारली म्हटलं. डिगॉक्सिनवरच्या एएफचा पल्स असा संथ आणि नेमका झाला, तर वरच्या कप्प्यांचा निरोप खाली पोचत नसेल ही शंका आधी यायला हवी. मला आनंद झाला.

तेवढ्यात बारा नंबरचं सलाईन संपलं म्हणून नातेवाईक ओरडला. चौदा मोजले की पंधरा? पंधरा धरले, साठ लिहिलं. चौदा म्हणजे छप्पन्न, साठच्या खाली, डिगॉक्सिनची गोळी थांबली असती. दिली.

दुपारी उलट्या. ईसीजीत रेट चव्वेचाळीस, पोटॅशियम २.८. दाखल व्हायच्या आधी मुलगा डिगॉक्सिनची शनिवार-रविवारची सुट्टी न पाळता रोज गोळी देत होता, आणि लॅसिक्सने पोटॅशियम धुऊन नेलेलं. आयसीयूत हलवली, पोटॅशियम हळूहळू दिलं, पेसमेकरची तयारी ठेवली. लागला नाही.

डॉक्टर चार्ट बघून म्हणाले, "सकाळी साठ होता, म्हणजे नंतर उतरलाय." माझ्या अक्षरातले साठ! त्यावर ते पुढचा हिशेब मांडत होते आणि मी शेजारी उभी राहून ड्रिपचे थेंब मोजत होते. पूर्ण मिनिट.

दुसऱ्या दिवशी सांगितलं त्यांना. "एका गोळीने नाही झालं सिस्टर, आधीचं साठलेलं होतं." खरंच आहे. मेट्रन म्हणाल्या, वर्कलोड लिहा. तोही खरा आहे. पण सुमे, त्या सकाळी घाई नव्हती. एक माणूस ओरडला, एवढंच. माझ्याकडे अजून पंचेचाळीस सेकंद होते.

आईंचा गुडघा कसा आहे? चिन्मयची ॲडमिशन झाली का? नव्या घराचे फोटो बघितले, किचन झकास, पडदे मात्र तुझ्याच चवीचे.

मावशी वॉर्डात परत आलीय. काल माझ्याकडे बघून म्हणाली, "आज पांढरा दिसतुया." उद्या डिस्चार्ज. आता अर्धी गोळी, तीही पाचच दिवस. मुलाला कॅलेंडर आणायला सांगितलंय, शनिवार-रविवारवर मी स्वतः फुल्या मारून देणार.

इन्सिडेंट फॉर्ममध्ये 'घटनेचे कारण' असा दोन ओळींचा रकाना आहे. तीन दिवस कोरा आहे. तू मुलींना पल्स शिकवतेस ना, त्यांना हे सांगायचं तर सांग, माझं नाव घेऊन सांगितलंस तरी चालेल. मला फोन करून 'जाऊ दे गं' मात्र म्हणू नकोस. त्या रकान्यात काय लिहू, ते सांग.

नाइटला निघते.

तुझी,
मंगल