कानाच्या ऑपरेशनात आत काय ठेवले, हे कार्डावर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कानाचा पडदा बसवण्याचे ऑपरेशन झालेले रुग्ण पंधरा-वीस दिवसांनी माझ्याकडे श्रवणतपासणीला येतात, तेव्हा त्यांची तक्रार बहुधा एकच असते : ‘आधी थोडे तरी ऐकू येत होते, आता तेही गेले.’ नुकत्याच आलेल्या एका आजींनी तर ऑपरेशन फसले असे धरून पुढची तपासणीच सोडून दिली होती. कानात काय ठेवले आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

फाटलेल्या पडद्याच्या जागी कानशिलाच्या स्नायूवरचे पातळ आवरण बसवतात आणि ते आत ढळू नये म्हणून मध्यकर्णात, म्हणजे पडद्यामागच्या पोकळीत, जिलेटिनच्या स्पंजचे तुकडे टेकूसारखे ठेवतात. १९४० च्या दशकापासून शस्त्रक्रियेत वापरात असलेला हा स्पंज रक्त शोषून फुगतो व साधारण ४ ते ६ आठवड्यांत विरघळतो. मध्यकर्णाची पोकळी जेमतेम १ ते २ मिलिलिटरची. तिच्यात हवा खेळत असेल तरच पडदा आणि हातोडा, ऐरण, रिकीब ही हाडे नीट हलतात. त्यामुळे ती स्पंजने भरलेली असेपर्यंत, म्हणजे सुरुवातीला, ऐकू कमी येणे अपेक्षितच असते. अशा वेळी ट्यूनिंग फोर्क (आपटल्यावर नाद देणारा धातूचा दुकाटा) कपाळावर टेकवला आणि नाद ऑपरेशनच्या कानात अधिक ऐकू आला, तर आतला कान शाबूत असल्याचा तो चांगला संकेत असतो. रुग्णाला तेवढे दाखवले तरी त्याचा जीव भांड्यात पडतो.

मात्र सारेच आपोआप सुधारते असेही नाही. जिथे आतले अस्तर खरवडले गेले आहे, तिथे स्पंजभोवती तंतुमय ऊती वाढून पडदा किंवा हाडे चिकटू शकतात आणि पडदा उत्तम बसूनही ऐकू येण्यात उणीव राहते. म्हणूनच काही शल्यचिकित्सक हायल्युरॉनिक आम्लापासून बनवलेले, पण महाग पडणारे पॅकिंग वापरतात, अस्तर फार गेले असल्यास सिलिकॉनची पातळ पट्टी ठेवतात, तर काही जण आत शक्य तितके कमी भरतात. टेकू न मिळाल्याने पडदा सुटण्याचा धोकाही खरा असल्यामुळे निवड त्यांनीच करावी. पण ती रुग्णापासून लपलेली राहू नये. शिवाय जिलेटिनचा स्पंज अनेकदा डुकराच्या कातडीपासून बनवलेला असतो. ज्यांना त्याला धार्मिक कारणाने हरकत असेल, त्यांना हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच कळायला हवे.

भोक बुजले म्हणजे ऑपरेशन यशस्वी, हा हिशेब मला अपुरा वाटतो. ऑपरेशनपूर्वीचा ऑडिओग्राम (श्रवणतपासणीचा आलेख) जपून ठेवून तिसऱ्या महिन्यात आणि वर्षानंतर पुन्हा तपासणी करावी व हवेतून आणि हाडातून ऐकू येण्यातले अंतर किती डेसिबलने कमी झाले, ते रुग्णाला समजावून सांगावे. डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी मराठीत असाव्यात : आत कोणते पॅकिंग ठेवले आहे आणि ते किती आठवड्यांत विरघळेल.

आपली विश्वासू,
एक श्रवणतज्ज्ञ, सातारा