नृत्यशिक्षिकेच्या मुलाखतीला साडीची अट कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी मंगळवार पेठेत राहते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची कथक विशारद होऊन मला सतरा वर्षं झाली. घरीच वरच्या खोलीत वर्ग घेते. यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका शाळेत नृत्यशिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत दिली. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या ओळखीच्या आणखी तिघींना वेगवेगळ्या ठिकाणी हाच अनुभव आलाय.

आदल्या दिवशी शाळेतून फोन आला. "मॅडम, साडीतच या." म्हणून आईची इरकल काढली, इस्त्री केली, नेसले. दहा मिनिटं प्रश्नोत्तरं झाली, तीही चांगली झाली. मग मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आठवीच्या मुली हॉलमध्ये बसवल्यात. पंधरा मिनिटं शिकवून दाखवा."

हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. तरी मी उठले. चपला दाराशी काढल्या, पदर कमरेला खोचला आणि तत्कार, म्हणजे कथकमधलं पायांचं मूळ काम, सुरू केला. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पहिल्या चार मात्रांना उजवा, डावा, उजवा, डावा. पुढच्या चारांना डावा, उजवा, डावा, उजवा. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या मात्रेला डावाच पाय लागोपाठ दोनदा पडतो, आणि आठव्या मात्रेवरून पुन्हा पहिल्या मात्रेवर येताना उजवा दोनदा. नवीन मुलगी अडखळते ती नेमकी इथेच. तिला हे तोंडाने सांगून कळत नाही, पाय बघावा लागतो. आणि माझे पाय तर साडीच्या काठाखाली झाकलेले! दुसऱ्या रांगेतली एक मुलगी चक्क उकिडवी बसून, मान वाकडी करून माझी पावलं शोधत होती. मी डाव्या हाताने निऱ्या वर धरल्या, तर हाताची मुद्रा दाखवायला एकच हात उरला. त्या मुलीचा तो वाकलेला चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. शिकायला आलेलं पोर समोर बसलंय आणि मी त्याला दाखवू शकत नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

साडीला माझा विरोध नाही. लावणी नऊवारीत नाचतात, पण तिथे काष्टा असतो, दोन्ही पाय मोकळे राहतात. पाचवारीत निऱ्या पायांच्या मधोमध येतात. माझी मैत्रीण भरतनाट्यम शिकवते. त्यात अरमंडीत गुडघे बाहेरच्या बाजूला उघडून अर्धं बसावं लागतं. गुडघे पावलांच्या दिशेने नीट उघडलेत की पुढे झुकलेत, हे विद्यार्थिनीला दिसलं नाही तर पुढे गुडघेच दुखतात. म्हणून तर त्यांच्याकडे सरावासाठी पायजम्यावर नेसायची आखूड सुती साडी असते. ती बिचारी तशी साडी नेसून एका मुलाखतीला गेली, तर ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, "आज कार्यक्रम आहे का तुमचा?" आत जायच्या आधीच तिचा धीर खचला.

खेळाचे शिक्षक ट्रॅक पँट घालून मैदानावर उतरतात, त्यात कुणालाही वावगं वाटत नाही. आमचंही काम शरीरानेच शिकवायचं आहे.

विशारदला बसलेल्या माझ्या मुलींना मी आता स्पष्ट सांगते. गुडघ्यापर्यंतचा सुती कुर्ता, खाली चुडीदार, दोन्हीला कडक इस्त्री. सलवारीचा घेर नको, घोटा त्यात हरवतो. केसांची घट्ट वेणी किंवा अंबाडा. नखं कापलेली. बांगड्या आणि घड्याळ पर्समध्ये, कारण मनगट कुठे वळतं ते मुलांना दिसलं पाहिजे. लोंबणारे झुमके नकोत, चक्कर घेताना ते गालावर आपटतात. घुंगरू पिशवीत न्यावेत, पण विचारल्याशिवाय बांधू नयेत. शेजारी एखाद्या वर्गाचा गणिताचा तास चालू असतो. आणि ओढणी मोठी, सुतीच घ्यावी. खुर्चीवर बसून बोलताना ती दोन्ही खांद्यांवरून नीट पसरायची, कुणाच्याही नजरेला खटकत नाही. उठायची वेळ आली की तीच एका खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेला गाठ मारायची. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, मी घड्याळ लावून त्यांच्याकडून करून घेतलंय.

शाळांना माझी विनंती एवढीच आहे की जाहिरातीत किंवा फोनवर एक वाक्य वाढवावं: "प्रात्यक्षिक द्यावं लागेल, सरावाच्या पोशाखात या." ज्यांना साडीच हवी असेल त्यांनी तसं सांगावं, आम्ही साडीत येऊ, सरावाचे कपडे पिशवीत आणू. केएमटीच्या बसमधून धक्के खात येणाऱ्या बाईला ते सोयीचंही पडेल. पण मग कपडे बदलायला एखादी खोली दाखवावी. मला त्या दिवशी ओल्या फरशीचं स्वच्छतागृह दाखवलं होतं. खोली छोटी असली तरी चालेल, फक्त तिचं दार आतून लागावं.

आपली विश्वासू,
एक कथक शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर