मॅट ताणायची कशी

प्रिय सुधीर,
स. न. वि. वि.

तुमच्या जिमखान्याच्या जुन्या मंडळींना पूर्वीसारखी मॅटवरची, म्हणजे खेळपट्टीवर चटई अंथरून, क्रिकेट मॅच खेळायची आहे हे वाचून बरं वाटलं. पण "मॅट अंथरली की झालं" हे काही खरं नाही. ती किती ताणली आहे त्यावर निम्मी मॅच ठरते. म्हणून जुने कॅप्टन टॉसच्या आधी मॅटवर टाच दाबून बघत.

आधी जमीन. मुरूम बारीक चाळून पसरा, आदल्या संध्याकाळी पाणी मारा, ओल जिरल्यावर रोलर फिरवा. सकाळी पुन्हा हलका रोलर. अनवाणी एक फेरी मारायला सांग कुणाला तरी. हरभऱ्याएवढा खडा राहिला तरी टप्पा त्यावर पडला की चेंडू थेट हनुवटीकडे येतो. पाणी जास्त झालं तर ओल मॅटमध्ये चढते आणि खिळेही धरत नाहीत.

मॅट काथ्याची मिळाली तर तीच घ्या. ज्यूटची मऊ असते, उसळी कमी. एक टोक आधी पक्कं ठोका. दुसऱ्या टोकाला चार-पाच जणांनी मागे रेलून ओढायचं, आणि ओढ न सोडता तिथले खिळे मारायचे. मग बाजू: मधून सुरुवात करून टोकांकडे, एक डावीकडे, एक उजवीकडे. एकच बाजू सलग ठोकत गेलात तर मधे तिरकी सुरकुती पडते, आणि ती नेमकी गुड लेंग्थवर, चांगल्या चेंडूचा टप्पा पडतो तिथे, येते! सहा इंची खिळे, खाली वायसर. डोकं मॅटच्या वर राहता कामा नये. बोलरचा पाय पडतो त्या कडेला खिळे जवळजवळ मारा, नाहीतर कड उचलली जाते आणि पाय अडकतो. स्टंप मॅटच्या बाहेर मातीतच. क्रीज चुन्याने आखा, दर थोड्या वेळाने पुन्हा आखावी लागते. जेवणाच्या सुट्टीत ताण तपासायला विसरू नका, दुपारपर्यंत मॅट सैल पडतेच.

घट्ट मॅटवर चेंडू झपकन उसळतो. सैल मॅटवर तो थांबून येतो आणि फिरकी जास्त घेतो. कटर, म्हणजे बोटं फिरवून वेगात वळवलेला चेंडू, टाकणाऱ्याला तर मॅट म्हणजे पर्वणी, कारण शिवण काथ्यात पकडते. 1952 च्या ऑक्टोबरात लखनौच्या युनिव्हर्सिटी ग्राउंडवर ज्यूटच्या मॅटवर भारत-पाकिस्तान कसोटी झाली होती. पाकिस्तानच्या फझल महमूदने मॅचमध्ये 12 बळी घेतले, आपण 106 आणि 182 मध्ये आटोपलो, एक डाव 43 धावांनी हरलो.

मॅटवर वाढलेली पोरं कट आणि हूक झकास मारत, कारण उसळी उंच पण भरवशाची. तीच पोरं रोहिंटन बारिया या आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी टर्फवर, म्हणजे गवताच्या खेळपट्टीवर, गेली की मागच्या पायावर अडकत आणि खाली राहिलेल्या चेंडूवर पायचीत होत. हा दोष कोचिंगपेक्षा मॅटचा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बूट रबरी तळव्याचेच हवेत. स्पाइक्स घालून कुणाला मॅटवर पाय ठेवू देऊ नकोस, धागे उसवतात आणि भोकं पडतात. लेदर बॉलची चकाकी फार लवकर जाते, म्हणून प्रत्येक डावाला नवा बॉल धरूनच खर्च काढ.

मॅच संपल्यावर मॅट उन्हात पूर्ण वाळवून, मुरूम झटकून मगच गुंडाळा. दमट गुंडाळलीत तर काथ्या कुजतो. खिळे मोजून परत घ्या; मैदानात राहिलेला खिळा दुसऱ्या दिवशी कबड्डीवाल्या पोरांच्या पायात जायचा.

मॅट कुठून मिळाली आणि तिची रुंदी किती ते कळव, म्हणजे खिळे किती लागतील ते सांगतो.

तुझा,
विनायक