अण्णा, ट्रॅक्टर फोडावा लागला नाही!

अण्णा, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीनंतर ट्रॅक्टर बंद पडून उभा राहणं म्हणजे काय, हे आम्हा निफाडकरांना सांगायला नको. वर ढगाळ हवा, डावणी रोगाची धास्ती, फवारणीचा ब्लोअर थांबवायची सोय नाही. आणि आमच्या जुन्या 18 एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरखाली रोज ऑइलचं डबकं. ज्यानं त्यानं खाली वाकून एकच सांगितलं, क्रँकचं मागचं सील गेलं, ट्रॅक्टर मधोमध फोडा, म्हणजे इंजिन आणि मागचा भाग सोडवून वेगळे करा.

तुम्ही पाना हातात घेण्याआधी डिझेल आणि ब्रश मागितला. इंजिन धुऊन कोरडं केलंत आणि घरातली टाल्कम पावडर त्यावर भुरभुरवलीत. (सौ. अजून त्या डब्याबद्दल विचारतात.) इंजिन रेसवर ठेवलं, तशी पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उमटली, ती थेट टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून! तिथून ऑइल ब्लॉकवरून ओघळत क्लच हाउसिंगच्या तळाशी ठिबकत होतं. हाउसिंगच्या खालच्या भोकातून तारेला चिंधी बांधून आत फिरवलीत, ती कोरडीच निघाली. म्हणजे सील शाबूत.

कव्हरचं पॅकिंग बदलून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. पण ते फुटलं का, हे शोधत तुम्ही ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर सोडणाऱ्या, नळीपर्यंत गेलात. तोंडाशी कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं! जुन्या इंजिनात रिंगांजवळून थोडा गॅस खाली उतरतोच. वाट बंद झाली की तो दाब ऑइलला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

बोल्ट आवळून आवळून कव्हरची कड वाकली होती, ती सपाट पाट्यावर हलक्या हातानं सरळ केलीत. मी सिलिकॉनची ट्यूब पुढे केली तर म्हणालात, "थापू नको, आत तुटून पंपाच्या जाळीत बसेल. पॅकिंग दाबायचं असतं, चिरडायचं नाही."

फवारण्या वेळेत झाल्या, घड चांगले आहेत. पुढच्या सीलला किंचित ओल दिसते, ती माल उतरल्यावर बघू. मजुरी घेतली नाहीत, तेव्हा द्राक्षांची पेटी मात्र नाकारू नका.

तुमचा,
निफाड तालुक्यातला एक बागायतदार